रेकॉर्ड आहे आमच्याकडे

११ जानेवारी

पतपेढीची डायरी दर वर्षी घरात येते आणि दर वर्षी बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या, किराणा याद्यांत संपते. या वर्षी मी घेतली. लिहिल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. एसटीच्या धुळे डेपोत बत्तीस वर्षं डिफेक्ट रजिस्टर लिहिलं. गाडी काय करते, का करते, काय केलं, तीन रकाने. ड्रायव्हर लोक येऊन सांगायचे, आप्पा, गाडी रडतेय. मी म्हणायचो, रडतेय म्हणजे काय ते नीट सांग, नाहीतर चालता हो.

आज सुनंदाला घेऊन जळगावला डॉक्टरकडे गेलो होतो. कामिनीनं नंबर लावून ठेवला होता. कामिनी म्हणजे आमची मुलगी, तिला जळगावलाच दिलीय. डॉक्टर तिच्याच वयाचा. दुर्बीण घातली, कागद बघितले, आणि सुनंदाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. सहा फेब्रुवारी धरा. त्यानंतर आजींना बोलता येणार नाही."

ती बाजूलाच बसली होती, पदर गळ्याशी धरून.

"जे बोलायचंय ते या दिवसांत बोलून घ्या," डॉक्टर म्हणाला. "आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवा. नंतर घरच्यांना फार चुटपुट लागते."

मी म्हणालो, "रेकॉर्ड आहे आमच्याकडे."

"वा. मोबाइलमध्ये?"

"मोबाइल कसला! खरी रेकॉर्ड. काळी. त्र्याऐंशी सालची. लेबलवर नाव आहे हिचं."

डॉक्टर हसला. मला बरं वाटलं. सुनंदा मात्र खिडकीबाहेर बघायला लागली. मी म्हटलं, लाजली.

रेकॉर्डचं लिहून ठेवतो. ब्याऐंशीला आमच्या चुलत भावाच्या हळदीला सुनंदा गायली होती. लग्नाला एकच वर्ष झालेलं. मी मांडवाबाहेर उभा होतो. 'हयद पिवयी हाये, नवरी कवयी हाये.' म्हणजे हळद पिवळी आहे, नवरी कोवळी आहे. बायका हसायला लागल्या, कारण हिचं माहेर यावलकडचं. 'आहे'ला तिकडे 'हाये' म्हणतात, आमच्या धुळ्याकडे 'शे'. माझी आई म्हणायची, "आमना घरमा शे म्हनतस, बाई." ही मान हलवायची आणि पुढच्या वाक्याला पुन्हा हाये. त्रेचाळीस वर्षांत एकदाही तिच्या तोंडून शे निघालं नाही. मी तिला हायेबाई म्हणतो ते त्यावरून. पण आवाज असा की हसणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. त्या मांडवात जळगावचा एक रेकॉर्डवाला होता. पुढच्या वर्षी त्यानं लग्नाच्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली. 'सौ. सुनंदाबाई, धुळे' असं छापलंय. रेकॉर्डिंगला तिला एकटीला कसं पाठवणार, म्हणून माझी धाकटी बहीण कोकिळा सोबत गेली होती. मी आदल्या दिवशीच सगळ्या डेपोत पेढे वाटले होते.

आणि आजपर्यंत मी ती ऐकलेली नाही! कोणाला सांगितलं तर जोड्यानं मारेल. घरात रेकॉर्ड वाजवायची मशीन नव्हती. लग्नसराईत कुठे लाउडस्पीकरवर वाजली असेल, पण लग्नसराईत एसटीवाल्याला सुट्टी कुठली. एकदा अमळनेरला एकांकडे मशीन होती. मी रेकॉर्ड पिशवीत घातली, तर सुनंदा म्हणाली, त्यांची सुई जुनी हाये, चरे पडतीन. दोनदा स्वतःची मशीन घ्यायची म्हटली, दोनदा म्हणाली, कशाले? काटकसरी बाई.

आता मात्र घेणार. कामिनीच्या नवऱ्यानं मोबाइलवरून मागवली. तिला तिचाच आवाज ऐकवायचा, तो जाण्याआधी. सव्वीस दिवस आहेत.

१२ जानेवारी

दिवाळीपासून घसा बसला होता तिचा. मी म्हणालो, फराळाच्या तेलाचा बसलाय. तीन महिने. एखाद्या गाडीचा आवाज असा बदलला असता तर मी त्याच दिवशी तपासणीच्या पिटवर घेतली असती. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

१७ जानेवारी

मशीन आली. झाकण पारदर्शक, खाली लाकडाचा डबा. जोडली, बटन दाबलं, मोटरचा गुणगुण आवाज आणि थाळी जागच्या जागी. कामिनीचा नवरा फोनवर म्हणाला, परत पाठवू. मी म्हटलं, थांब रे. थाळी उचलली. खाली रबरी पट्टा, मोटरच्या पितळी चाकावरून निसटलेला. पाच मिनिटांचं काम. थाळी फिरायला लागली तेव्हा किती महिन्यांनी मला ऊर भरून आल्यासारखं झालं.

रेकॉर्ड लावली. आधी शहनाई, तीही रडकी, आणि मग एक रेडा गायला लागला! मी खो खो हसलो. वेग तेहतीसवर होता, रेकॉर्ड पंचेचाळीसची. शब्द एक कळत नव्हता, फक्त प्रत्येक ओळ संपताना 'श्श' असा घासल्यासारखा आवाज. तो लिहून ठेवतो, महत्त्वाचा आहे.

वेग बदलून पुन्हा सुरुवातीपासून लावली. शहनाई आता झकास. आणि आता आवाज सुरू होणार, तेवढ्यात सुनंदाला ठसका लागला. असा लागला की डोळे पांढरे केले. मी मशीन तशीच बंद केली आणि पाणी आणायला धावलो. ठसका लगेच थांबला. म्हणाली, "आज राहू द्या."

राहू दिलं. उद्या.

१८ जानेवारी

थाळी संथ. पंचेचाळीसवर असूनही दारू प्यायल्यासारखी. आवाज वर जातो, खाली येतो, आणि ओळीच्या शेवटी तेच, श्श.

पट्टा काढला, बोटाला बुळबुळीत लागला. वास घेतला. खोबरेल! कारखान्यातली पोरं डोक्याला चोपडून कामाला बसतात की काय. काल माझ्या लक्षात कसं आलं नाही याचं आश्चर्य. कंपनीला फोन लावला. एक मुलगी बोलते, गोड आवाज, कामाची काही नाही. म्हणे, सर, मोबाइलवर फॉल्टचा व्हिडिओ पाठवा, आवाज स्पष्ट आला पाहिजे.

व्हिडिओ काढला. सुनंदा स्वयंपाकघरातून काहीतरी बोलत होती, तिला गप्प केलं.

मग पट्टा स्पिरिटनं पुसला, टाल्कम पावडर लावली, उन्हात ठेवला. तेलाची बाटली तिच्या आरशापुढेच असते, पण तिचा काय संबंध. ती तर या डब्याला हातही लावत नाही.

२० जानेवारी

आज नळ आला, सकाळ पाण्यात गेली. दुपारी मशीनला बसलो. पट्टा उत्तम. थाळीचे फेरे मोजले, पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. पण सुई रेकॉर्डवर टेकतच नाही, भिंगरीसारखी घसरत मधल्या लेबलवर जाते. दांड्यामागचं वजन पार मागं फिरलेलं. हायवेच्या ट्रकांनी घर हादरतं, त्यानं फिरलं असणार. दुसरं कारण दिसत नाही. दुसरा व्हिडिओ पाठवला.

सुनंदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय त्या डब्याच्या मांगे लागले तुमी. या ना जरा इथी, बसा."

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच चाललंय बाई हे."

२१ जानेवारी

वजन बसवून ठेवलं, पण रेकॉर्ड लावली नाही. ती झोपली होती. एकट्यानं पहिल्यांदा ऐकणं बरोबर वाटेना. दोघांनी बसून ऐकायची.

खरं सांगायचं तर भीतीही वाटली. कशाची ते कळत नाही.

२४ जानेवारी

सुई मोडली.

संरक्षक टोपी मी स्वतः लावली होती, माझी खात्री आहे. सकाळी टोपी बाजूला आणि सुईचं टोक वाकून आडवं. मांजर. शेजारच्यांची भुरी मांजर माडीवरून येते, मी त्यांना जाऊन चार शब्द ऐकवून आलो. सुनंदा मागून धावत आली, माझा हात धरून घरात नेलं. धाप लागली होती तिला. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत सांगितलंय.

"मांजरीनं काय केलं तुमचं?" म्हणाली. आवाज आता सुकी पानं चिरडल्यासारखा येतो.

कंपनीला तिसरा व्हिडिओ पाठवला. त्या मुलीला मोटर ठीक चालल्याचा पुरावा हवा होता, म्हणून रिकामी थाळी फिरवून आवाज घेतला. नवी सुई पाठवतो म्हणाली. पाच दिवस. माझ्याकडे तेरा आहेत.

२६ जानेवारी

कामिनी आली. येताना बामणोदची वांगी घेऊन आली. ऑपरेशननंतर नाकानं श्वास नाही, म्हणजे वासही नाही, असं डॉक्टरनं तिला सांगितलंय. म्हणून भरीत. कपाशीच्या काड्या कुठून तरी गोळा केल्या होत्या, अंगणात पेटवल्या, सुनंदा पाटावर बसून सांगत होती, उलटं कर, करपू राह्यलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. तिच्यानं दोनच घास गिळवले, पण भाजलेल्या वांग्याचा वास मात्र तिनं डोळे मिटून घेतला.

जेवण झाल्यावर कामिनी म्हणाली, "पप्पा, मी मोबाइलवर आईचं रेकॉर्डिंग घेऊ का? नुसत्या गप्पा. आत्ता छान बोलतेय."

मी चिडलो. "हा घोगरा आवाज साठवून ठेवायचा? हा काय तिचा आवाज आहे? तिचा खरा आवाज आहे ना आपल्याकडे. नातवंडांना तो ऐकव."

कामिनीनं आईकडे बघितलं. सुनंदा हसली आणि भाकरीचे तुकडे गोळा करायला लागली. "त्येंचं बरोबर हाये," म्हणाली. "ठेव तो मोबाइल."

पाहुण्यांसमोर मुलीला एवढं बोलायला नको होतं. पाहुणे कुठले, आम्ही तिघंच होतो. पण बोलायला नको होतं.

२९ जानेवारी

सुईचा पत्ता नाही.

३० जानेवारी

मोबाइलवर दाखवतंय, काल दुपारी पोचली. कोणाकडे पोचली? मी काल दुपारी बँकेत हयातीच्या दाखल्याचं काम घेऊन गेलो होतो, घरी सुनंदा. ती म्हणते कोणी आलं नाही. कुरिअरच्या ऑफिसात जाऊन तिथल्या माणसाची चामडी सोलली. तो आपला एकच धरून बसला, "आप्पा, सही शे ना आठे." मी म्हटलं, मर्तिकाच्या घरीसुद्धा तुम्ही सही करून टाकाल. चोर म्हणालो त्याला चार लोकांत.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सुनंदा रडली. "कोनाले चोर म्हनू नका हो. जाऊ द्या ते मशीन."

मी म्हटलं, "जाऊ द्या? अगं, तुझा आवाज आहे तो!"

ती म्हणाली, "मले एक सांगायचं हाये."

हे गेल्या काही दिवसांत कितव्यांदा. मी म्हटलं, सांग ना. नेमका तेव्हाच कंपनीचा फोन आला. अर्धा तास त्या मुलीशी भांडलो. नंतर सुनंदाला विचारलं, काय सांगत होतीस? म्हणाली, "काही नाही. मेथी आना."

३ फेब्रुवारी

सकाळच्या बसनं जळगावला गेलो. इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं मार्केट पालथं घातलं. एकानं सांगितलं पाचोऱ्याला एक जुना रेडिओवाला आहे, म्हणून रेल्वेनं पाचोरा. त्याच्याकडे सुया होत्या, पण जुन्या मशीनच्या, या दांड्यात बसत नाहीत. सगळा दिवस गेला.

परत आलो तर सुनंदा ओट्यावर बसलेली. निळी नवी साडी, केसांना तेल, कपाळाला मोठं कुंकू. दारात उभा राहिलो तोच म्हणाली, "आज कुठं जाऊ नका म्हने मी सकाळी. आयकलं नाही तुमी."

खरंच ऐकलं नव्हतं. बसची वेळ झाली होती.

मी पिशवी ठेवून तिच्याजवळ बसलो. "बोल."

तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मग हातानंच खूण केली, राहू द्या, आणि माझ्या शर्टाला लागलेली धूळ झटकली.

मी तिथं बसून रडलो. तिच्यासमोर पहिल्यांदा. ती माझी पाठ थोपटत होती, म्हणजे उलटंच.

५ फेब्रुवारी

जळगाव. ॲडमिट केलं. कामिनीनं पाटी आणून ठेवलीय, पेन्सिलीसकट, पहिलीतल्या मुलीसारखी. सुनंदा सातवी शिकलेली, अक्षर छान आहे. पाटीवर पहिलं काय लिहिलं तर, 'जेवले का?'

मी तिला सांगितलं, "मशीनची सुई मिळाली नाही. मी हरलो. पण तू घरी आलीस की ऐकवणारच तुला."

तिनं पाटी पुसली आणि उलटी करून ठेवली.

६ फेब्रुवारी

सकाळी साडेसातला आत नेलं. दोन वाजले बाहेर आणायला. डॉक्टर म्हणाला, छान झालं. छान! गळ्याला भोक, त्यातून नळी, त्या नळीतून श्वासाचा आवाज येतो तेवढाच आता तिचा आवाज. कामिनीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी उभा राहिलो, कोणीतरी उभं राहायला पाहिजे होतं.

नर्सनं टॉवेल मागितला. तिच्या पिशवीत शोधला. टॉवेलाच्या घडीत मशेरीची पत्र्याची डबी होती. मला राग आला, एवढं झालं तरी मशेरी सोबत! फेकायला म्हणून उघडली. आत मशेरी नव्हती. प्लॅस्टिकच्या चौकोनी खोक्यात नवी कोरी सुई, कंपनीच्या चिठ्ठीसकट.

सुई हातात घेऊन जिन्यावर बसलो. खोबरेल. वजन. टोपी. सुई. चार डिफेक्ट, आणि मी ट्रक, मांजर, कुरिअरवाला सगळ्यांना धरून झोडलं. ठसकासुद्धा मुद्दामचा. मला आधी वाटलं, तिला स्वतःचा तरुणपणीचा आवाज ऐकणं सोसलं नसतं, म्हणून केलं असेल. बरोबर आहे. जाणारी वस्तू डोळ्यांसमोर कशाला नाचवायची. मी मूर्ख आहे.

उद्या कामिनी थांबेल, मी घरी जाऊन कपडे आणतो. सुईही लावतो. तिला नको तर नको, पण मला ऐकायचा आहे. आता घरात कोणीही बोलणार नाही.

७ फेब्रुवारी

धुळे, घरी.

सुई बसवली. दोन मिनिटांचं काम. वजन लावलं, पट्टा तपासला, वेग पंचेचाळीस. समोर तिचा पाट ठेवला. बटन दाबलं.

शहनाई. ढोलकी. मग बाईचा आवाज, खणखणीत, एक कण खरखर नाही.

'हयद पिवयी शे, नवरी कवयी शे.'

शे. प्रत्येक ओळीला शे. तेच माझं 'श्श'. मी काय म्हणून पट्टा पुसत होतो, काय म्हणून वजन मोजत होतो!

रेकॉर्ड पूर्ण वाजू दिली. दुसऱ्या कडव्याला तो आवाज ओळखला. सुई उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा ऐकलं. मग अमळनेरला कोकिळाला फोन लावला आणि काही न बोलता मोबाइल मशीनपुढे धरला.

तिनं गाणं संपू दिलं. मग म्हणाली, "बंद कर ते, भाऊ."

मी म्हटलं, "कोकिळा, हाई कोन शे?"

"मीच शे."

"आन ती?"

"ती स्टुडिओना काचना बाहेर बशेल व्हती. भाऊ, वैनीनी धा डाव गायं. धाही डाव हायेच निंघनं. तो मास्तर बोलना, धुयानं गानं शे, शे म्हना. ती म्हने, हां, म्हनते. परत हाये. बठ्ठा वाजंत्रीवाला हासी राहिंतात तिले. मंग माले उभं करं." कोकिळा रडायला लागली होती. "ती बाहेर ईसन मना पाय धरनी. म्हने, नाव माह्यं राहू द्या, ते पेढे वाटून आले हायेत."

दहा वेळा गायली, दहाही वेळा 'हाये', आणि शेवटी आवाज कोकिळाचा, नाव हिचं.

"त्या दिनपशी तिनी कव्हय गायं नही, भाऊ," कोकिळा म्हणाली. "तुना ध्यानमा नही उनं?"

नाही आलं. मी समजत होतो, लेकराबाळांत गाणं मागं पडलं. बायकांचं असंच होतं, असंही चार लोकांत म्हणालोय. बेचाळीस वर्षं आल्यागेल्याला शोकेस उघडून ती रेकॉर्ड दाखवली, आणि प्रत्येक वेळी ही चहाचे कप घेऊन बाजूला उभी. तिला काय वाटत असेल त्या वेळी? एकदा सांगायचं होतं. मी चिडलो असतो का? त्र्याऐंशी साली चिडलो असतो. खोटं कशाला लिहू, खूप चिडलो असतो.

आणि या महिन्यात ती सांगायलाच बसली होती.

रेकॉर्ड परत पाकिटात घातली. मशीनचा पट्टा काढून खिशात ठेवला.

९ फेब्रुवारी

जळगाव. आज तिला उशीला टेकवून बसवलं. मला बघितल्याबरोबर पाटी मागितली. लिहिलं, 'घरी मशीन लावली?'

डबी पिशवीत नाही हे तिला कळलं असणार. मी खिशातून पट्टा काढून दाखवला, आदल्या दिवशी तो ब्लेडनं कापला होता. म्हटलं, "लावली होती. पट्टाच तुटला. भिकार माल. कंपनीला परत पाठवतोय. आता काही ती वाजत नाही."

ती पट्ट्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. गळ्यातल्या नळीतून श्वास आत गेला, बाहेर आला. मग पाटीवर लिहिलं, 'बरं झालं.' खाली आणखी काहीतरी लिहायला लागली, 'मले एक', तिथं थांबली आणि तळहातानं पुसून टाकलं.

मी म्हणायला हवं होतं, मला सगळं कळलंय हायेबाई, आणि मला तुझं हायेच आवडलं होतं, मांडवाबाहेर उभा होतो मी. ओठावर आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर तिला उत्तर द्यावंसं वाटलं असतं, आणि उत्तर पाटीवर लिहावं लागलं असतं. मी तिचा हात धरून बसलो. बस.

११ फेब्रुवारी

कंपनीच्या त्या मुलीचा मेसेज आला. तक्रार बंद केली आहे, आमच्याकडचे व्हिडिओ काढून टाकत आहोत, कृपया सेवेला रेटिंग द्या.

व्हिडिओ. माझ्याही मोबाइलमध्ये असतील, असं तेव्हा डोक्यात आलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून शोधले. तिन्ही आहेत.

पहिल्यात थाळी संथ फिरतेय आणि स्वयंपाकघरातून ती म्हणते, "अहो, चहा थंड होऊ राह्यला." मी म्हणतो, "थांब गं." दुसऱ्यात सुई घसरते आणि ती अगदी जवळून, माझ्या खांद्यामागून विचारते, "लागन का हो हे?" त्यात तिचा आवाज चांगला आला आहे. घोगरा आहे, पण तिचाच आहे. मी म्हणतो, "मधे बोलू नकोस, त्यांना आवाज ऐकू जायला पाहिजे."

मोबाइल कानाला लावून लावून कान गरम झाला. कामिनीला अजून दाखवले नाहीत. दाखवीन. तिला माझा आवाजही ऐकावा लागेल, त्याला इलाज नाही.

तिसऱ्यात रिकामी थाळी फिरतेय. ती म्हणते, "आयकता का? मले एक सांगायचं हाये." मी म्हणतो, "गप बस जरा, आवाज येऊ दे." त्यानंतर अकरा सेकंद ती गप्प आहे आणि मोटर फिरतेय.